बावीस चिंध्यांचं उत्पन्न

सोम., ३ नोव्हेंबर

शालन, पोरी, ही वही माझी, पण शेवटी वाचणार तूच आणि वाचून विसरणारही तूच. मागल्या खेपेला पेठला जाताना चष्मा विसरलीस. चष्म्यासाठी परत आलीस ती छत्री ठेवून गेलीस. म्हणून तारीखवार सांगतेय. लिहितेय कुसुम. माझ्यापर्यंतच्या सात पिढ्यांत बाईला अक्षर न्हाई, पण सून दहावी पास आहे आणि तिचं अक्षर कोंबडीच्या पायापेक्षा बरं आहे. (हे तिनंच लिहिलं. हसली न्हाई.)

आजचं. सरकारनं माझी आठवण काढली. घरात रेंज न्हाई, दत्ता टाकीवर चढला पाणी बघायला, तिथं त्याच्या मोबाइलवर धडाधड मेसेज आले. झाकण न लावताच खाली.

"आई, तुझ्या नावावर इन्कमटॅक्सची नोटीस आलीय. साडेअकरा लाख कुठले गं तुझ्याकडं?"

मी म्हटलं, "टाकीत पाणी किती आहे?"

बुध., ५ नोव्हें. पौर्णिमा

दत्ता दोन दिवस माझ्याशी लई गोड बोलतोय. चहात साखर विचारून घालतो.

पैसे कुठले ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी काही सांगितलं तरी वहीत असावं.

गल्लीतल्या बायका माझ्याकडं पैसा ठेवतात. आधी माझी सासू ठेवून घ्यायची, तिच्यामागं मी. कोंबडी विकली, ब्लाउज शिवला, कांदे लावायला गेली, त्यातले शंभर-दोनशे घरी न नेता माझ्याकडं. घरी नेले की ते बियाण्याचे होतात, बाटलीचे होतात, दिराच्या मोटारसायकलीचे होतात. घाटाकडच्या चार बायका दरसाल लागवडीला येतात, त्याही ठेवून जातात.

वही न्हाई, पावती न्हाई. जिची तिच्याच लुगड्याची चिंधी. चिंधीत नोटा. चिंधीच्या टोकाला हजाराला बारकी गाठ, दहा हजाराला मोठी. चिंधी बघितली की बाई आठवते, गाठी चाचपल्या की आकडा कळतो. बावीस चिंध्या कणगीत, वर बाजरी. कुणाची किती ते दुसरीला ठाऊक न्हाई. कुणाच्याच घरी ठाऊक न्हाई. मी तशी शपथच घेतलेली, देवीआईच्या देवळात.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात कणगीला वाळवी लागली. घाटाकडच्या भामाच्या बोचक्याचा एक कोपरा खाल्ला.  त्याच दिवशी कुसुमला घेऊन बँकेत. खिडकीवरची बाई म्हणाली, "आजी, चिंध्या नाही घेत आम्ही. सोडा." सोडल्या. मशीननं साऱ्या नोटा एकत्र फरफर मोजल्या. पॅनकार्ड दाखवलं, अंगठा दिला. वाळवीनं खाल्लेलं माझी चांदीची कांबी मोडून भरलं. टोकाच्या गाठी तशाच ठेवून चिंध्या घरी आणल्या.

एवढीच चूक. बावीस जणींचं एका खात्यात घातलं, आणि खातं माझं. आणि खात्याला नंबर दत्ताचा, कारण अर्ज त्यानं भरलेला.

शुक्र., ७ नोव्हें.

दत्ता नारायणगावला जाऊन त्याचे फॉर्म भरणाऱ्या माणसाला भेटून आला. पेढे घेऊन आला.

"मिटलं, आई. टोमॅटोचे म्हणून सांगायचं. त्या साली टोमॅटोला सोन्याचा भाव व्हता, अख्ख्या देशाला ठाऊक आहे. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स न्हाई. कागद करून देतो म्हणाला."

मी म्हटलं, "त्या साली आपल्या रानात सोयाबीन व्हतं. टोमॅटो तू पावशेर विकत आणलास न् आमटीत दोन फोडी घातल्या म्हणून कुसुमशी भांडलास."

"अगं, साहेबाला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे ना."

मग म्हणाला, "बरं, टोमॅटोचे न्हाईत, तर मग कुणाचे?"

मी पेढा खाल्ला. पेढा चांगला व्हता.

सोम., १० नोव्हें. घोडेगाव

कुसुमनं माणूस शोधला, म्हणजे बाई. तिच्या मैत्रिणीची जाऊ, तहसीलजवळ एक खोली घेऊन लोकांचे टॅक्सचे कागद करते. नारायणगावात गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत दत्ताला कळलं असतं. घरी सांगितलं, माझे गुडघे दाखवायला चाललो. मंचरला गाडी बदलली. तिथून पेठ जवळ, पण तुला कळवलं न्हाई, शालन. तू जावयांना सांगितलं असतंस, मग ते गुडघ्याचा डॉक्टर सुचवत बसले असते.

मॅडम बारकी आहे, कुसुमपेक्षा लहान. सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, हा टॅक्स काढला कुणी?

म्हणाली, इंग्रजांनी. सत्तावनचं बंड झालं, फौजेवर पैसा गेला, तिजोरी खाली झाली. मग साठ साली विलायतेहून एक हिशेबी साहेब आला, त्यानं बसवला. पाच वर्षांपुरता.

"पाच वर्षांपुरता? आणि अजून आहे?"

"मध्ये बंद केला, आजी. पुन्हा काढला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू."

म्हणजे आपल्या जावयांसारखं. दोन दिवसांसाठी आले म्हणतात.

तेव्हा शेतीवरही लावला व्हता म्हणे. पुढं शेती वगळली, शेतसारा व्हताच तिच्यावर. ती अजून वगळलेली आहे. म्हणून ज्याला त्याला टोमॅटो आठवतात.

मी म्हटलं, "पण मॅडम, हे माझं उत्पन्नच न्हाई."

"खात्यात आलं की सरकार आधी तुमचंच धरतं. तुमचं नाही हे तुम्ही दाखवायचं."

"गल्लीतल्या चांगुणाची शेळी माझ्या गोठ्यात बांधली म्हणून ती माझी झाली का?"

"शेळी ओळखू येते, आजी. नोट येत नाही."

 

मॅडमनं वाटा सांगितल्या. गप्प बसलं, तर पैशाचा ठाव लागत न्हाई म्हणून शंभरातले पाऊणशेच्या वर सरकार घेणार. टोमॅटो सांगितले, तर खोटं, आणि उताऱ्यावर सोयाबीन लागलेलं आहे, पकडलं तर दंड. खरं सांगितलं, तर बावीस जणींची नावं द्यायची. प्रत्येकीनं तहसीलला येऊन स्टँपवर लिहून द्यायचं: मी कोण, पैसे कशाचे, एवढे मी हिच्याकडं ठेवले. आधारकार्ड जोडायचं.

"साहेब कुठं बसतो?" मी म्हटलं. "मीच चिंध्या घेऊन जाते. कानात सांगते."

"साहेब भेटत नाही, आजी. कुठल्या गावात बसतो ते आपल्याला कळत नाही, आपण त्याला दिसत नाही. सगळं कॉम्प्युटरवर."

"बिनतोंडाचा?"

"नावच 'फेसलेस' ठेवलंय त्या पद्धतीचं."

एवढ्या बायकांचं गुपित सांगायचं ते बिनतोंडाच्याला. एक बरं, तोंडच न्हाई तर तो बोलणार कुणाजवळ.

मुदत आठ डिसेंबर.

गुरु., १३ नोव्हें.

कांद्याची लागवड सुरू. सरीला पाणी दिवसा सोडतात आता, बिबट्यामुळं. बाया पाचच्या आत घरी.

दत्तानं ट्रॅक्टरमागं लावायच्या रोटाव्हेटरचं चित्र आणलंय. देव्हाऱ्याशेजारी लावलं. मी म्हटलं, हळदकुंकू पण वाहा.

"तुझ्यामागं ते पैसे आमचेच की, आई. मग आत्ता वापरले तर बिघडलं काय?"

तर हे असं आहे. टोमॅटोचे म्हटले की ते माझे झाले. माझे झाले की माझ्यामागं दत्ताचे. आणि अर्धे तुझे, शालन. तोंडाला पाणी सुटू देऊ नकोस. उद्या मी गेले आणि चांगुणा दारात आली की माझे साठ हजार द्या, तर तुमी काय म्हणाल? तुमी म्हणाल, कागद दाखव. सरकारला दिलेला कागद म्हणेल, टोमॅटो.

म्हणून टोमॅटो न्हाई. खोटं बोलायला मी भीत न्हाई, आजवर पुष्कळ बोलले. पण या खोट्यानं पैसा माझा होतो.

शुक्र., १४ नोव्हें.

आज कुसुमला म्हटलं, लिही: दत्ताला ठाऊक न्हाई की त्या बावीसमधली एक त्याची बायको आहे.

तिनं पेन खाली ठेवलं. "आत्याबाई, हे लिहिलं तर वही जाळावी लागेल."

"मग जाळू. आधी लिही."

लिहिलं. तिची चिंधी डाळिंबी रंगाची. चार मोठ्या गाठी, सहा बारक्या. ब्लाउज शिवून. पोरीला नर्सिंगला घालायचं आहे, आणि दत्ता म्हणतो बघू. पाच वर्षं बघतोय.

रवि., १६ नोव्हें.

दत्ता लग्नाला गेला. आमी दार लावून चिंध्या बाहेर काढल्या. कुसुम पाट्यावर एकेक ठेवायची, मी नाव सांगायची, गाठी चाचपायची, ती लिहायची. पिवळी, काठ लाल: भामा, घाटावरची, चार मोठ्या. हिरवी जरीची: चांगुणा, सहा मोठ्या, शेळ्या विकून. चौकड्याची: सुताराची कमळ. एकवीसपर्यंत एकदाही अडले न्हाई. कुसुम म्हणाली, आत्याबाई, तुमचं डोकं म्हणजे बँक आहे. मी फुगले.

बाविसावी निळी. अंगावर पांढरी बारीक पानं. दोन मोठ्या, तीन बारक्या.

कुणाची, आठवेना.

हाताला लावून बघितली. वास घेतला. उन्हात धरली. न्हाई.

सारी बेरीज बँकेच्या आकड्याशी जुळते. म्हणजे चिंधी खरी आहे, पैसे खरे आहेत. बाईच तेवढी न्हाई.

शालन, तू विसरभोळी कुणावर गेलीस ते आता कळलं. हसू नकोस.

सोम., १७ नोव्हें.

देवळापाशी रेंज धरून कुसुमच्या मोबाइलवर मॅडमला विचारलं. म्हणाली, बाकीच्यांनी लिहून दिलं तरी निळीचे तेवीस हजार तुमचं उत्पन्न धरतील. मालक नाही सापडला की ते तुमचं.

उत्पन्न म्हणजे काय ते आता मला समजलं. ज्याची मालकीण आठवत न्हाई ते.

मंगळ., १८ नोव्हें. रान

आज लागवडीच्या सरीतच बोलले सगळ्यांशी. सतरा जणी व्हत्या. दत्ता बांधापलीकडं पाइप जोडत व्हता म्हणून खाली वाकून, रोपं लावता लावताच. लांबून बघणाऱ्याला वाटावं म्हातारी रोप कसं धरायचं ते शिकवतेय. पलीकडं आपल्या खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून. त्या लई लांबचं ऐकतात म्हणे. बांधाजवळचं ऐकत न्हाईत ते बरं.

सगळं सांगितलं. वाळवी, बँक, नोटीस, पाऊणशे. चूक माझी हेही सांगितलं. कुणी रोप लावायचं थांबलं न्हाई.

पहिली भामा. "माझं नाव पयलं लिव. माझा नवरा काय वाचणार हाय? त्याला आधारकार्डावरचा त्याचाच फोटू वळखू येत न्हाई." सगळ्या हसल्या.

कमळ म्हणाली, "आज्जी, नाव दिलं तर सरकारचं पत्र आमच्या घरी येतं का?"

हे मी मॅडमला विचारून ठेवलं व्हतं. म्हटलं, बहुतेक न्हाई. पण साहेबाला वाटलं तर तो तुम्हालाही विचारू शकतो. तेव्हा मेसेज येईल, आधारला जो नंबर जोडलाय त्यावर.

सतरा जणींच्या आधारला सतरा नवऱ्यांचे नंबर.

मग चांगुणा. तिचं ठाऊक आहे तुला, तिच्या घरात रुपया दिसला की तो संध्याकाळपर्यंत प्यायला जातो. माती हातातच धरून म्हणाली, "माझं नाव नको घालूस, राधाबाई. माझे बुडाले तर बुडाले."

"साठ हजार हायेत, चांगुणे," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"ठाऊक हाय किती हायेत. गाठी मी पण मोजल्यात."

मी पुढच्या सरीला गेले.

गुरु., २० नोव्हें. अमावस्या

पाठ धरलीय. काही न्हाई लिहायला. दत्तानं रोटाव्हेटरला पाच हजार बयाणा दिला.

शुक्र., २१ नोव्हें.

नवीन लचांड. देवळापाशी मॅडमचा फोन आला: "आजी, उत्तर पाठवताना एक ओटीपी येतो. तो मुलाच्या मोबाइलवर येईल. त्याच्याशिवाय मला आत शिरताच येत नाही."

म्हणजे सरकारनं माझ्या घराची किल्ली माझ्या लेकाच्या खिशात ठेवलीय. आणि लेकानं सकाळीच सांगितलं, सोमवारी नारायणगावचा माणूस टोमॅटोचं उत्तर पाठवणार.

कुसुम म्हणाली, ते अंघोळीला गेले की मी मोबाइल घेते.

मी म्हटलं, चोरून घेतलंस तर तो म्हणेल, दोघींनी मिळून लुटलं. आणि पुढं चिंध्या कोण ठेवील माझ्याकडं?

ती म्हणाली, "मग?"

मी म्हटलं, "मग ठाऊक न्हाई."

रवि., २३ नोव्हें.

दुपारी जेवताना. दत्ता रोटाव्हेटर किती फुटी घ्यायचा ते सांगत व्हता. कुसुम भाकरी वाढत व्हती. भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "त्यातले शेहेचाळीस हजार माझे आहेत."

दत्ताला आधी कळलंच न्हाई. "कशातले?"

"आत्याबाईंच्या खात्यातले. ब्लाउजचे. बाकीचे गल्लीतल्या बायकांचे. आत्याबाईंचा त्यात रुपया न्हाई. टोमॅटोचा कागद गेला तर सगळ्यांचे गेले."

दत्ता माझ्याकडं बघायला लागला. मी कांदा फोडला.

"माझ्यापासून लपवून?" तिला म्हणाला.

"तुमच्यापासूनच लपवायचे व्हते. दुसरं कोण आहे?"

तो ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच. कुसुमनं ती झाकून ठेवली. आता लिहितेय, अक्षर नेहमीसारखंच आहे, बघ.

सोम., २४ नोव्हें.

दत्ता नारायणगावला गेला न्हाई. कुठंच गेला न्हाई. गोठ्यातला बल्ब बदलला, जो चालू व्हता.

मंगळ., २५ नोव्हें.

रोटाव्हेटरचं चित्र देव्हाऱ्याजवळून काढलंय. फाडलं न्हाई, कपाटात ठेवलं. बघितलं मी.

संध्याकाळी माझ्या खाटेजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, माझ्या लहानपणी शाळेच्या सहलीला तू पैसे न्हाईत म्हणालीस. तेव्हा पण त्या कणगीत व्हते ना?"

"व्हते. आपले नव्हते."

"मी कणगीवर बसून रडलो व्हतो."

"आठवतंय मला."

मग उठून गेला. शालन, तुझीही तेव्हाची सहल बुडाली, पण तू दुसऱ्या दिवशी विसरलीस. तो विसरला न्हाई.

गुरु., २७ नोव्हें.

सकाळी दत्तानं मोबाइल ओट्यावर ठेवला. चार्जिंगला लावला, पण बटण दाबलं न्हाई. म्हणाला, "मी खालच्या रानात चाललोय. बाराला येतो." कुणाला म्हणाला, भिंतीला.

जाता जाता दारातून, "टाकीवर चढलं की रेंज येते."

कुसुम आयुष्यात पहिल्यांदा टाकीवर चढली. मी खाली शिडी धरून. वरून ओरडून मॅडमला आकडे सांगितले, ते अर्ध्या खोडदनं ऐकले असतील. पहिलं काम: नोटीस ज्यावर येते तो मोबाइल नंबर बदलून कुसुमचा केला.  टाकीचं झाकण तिनं लावलं, तेवढं लिहिते.

शुक्र., २८ नोव्हें.

ठरलं. पुढला शुक्रवार, पाच डिसेंबर, घोडेगाव तहसील. जुन्नरला नको, तिथं दर तिसरा माणूस कुणाचा तरी दीर. घाटावरच्या चौघी त्यांच्या गाडीनं घोडेगावला उतरतील, आमी इकडून. मॅडम स्टँप आणि लिहिणारा तयार ठेवते. घरी सगळ्यांनी एकच सांगायचं: डोळ्यांचं शिबिर आहे, फुकट आहे.

आधारला जोडलेला नंबर ज्यांना बदलायचा त्यांनी तिथंच बदलून घ्यायचा. पण बदलायला स्वतःचा मोबाइल लागतो. तो आहे तिघींकडं. कुसुम म्हणाली, माझा नंबर घाला सगळ्यांना. मॅडम म्हणाली, असं नाही चालत. मग बघू.

रवि., ३० नोव्हें.

चांगुणा आपणहून आली. शेळीला पाला मागायला, म्हणजे निमित्त. उंबऱ्यावर बसली.

"शिबिरात खरंच डोळे बघणार हायेत का गं?"

"न्हाई."

"मला दिसायला कमी झालंय पण."

"मग तसं घरी सांग. खोटं न्हाई ना ते."

बसली. पाला घेतला. जाताना म्हणाली, "शुक्रवारी गाडी किती वाजता हाय?"

येते म्हणाली न्हाई. मी पण विचारलं न्हाई.

सोम., १ डिसेंबर

निळीसाठी सगळी गल्ली फिरले. ज्यांनी गाव सोडलं त्यांची नावं आठवून काढली. कमळची थोरली जाऊ वारली, तिची असेल म्हणून विचारलं, ती कधी निळं नेसलीच न्हाई म्हणाले. भामाला विचारलं, ती म्हणाली, "म्हातारे, तुझीच असंल." माझी न्हाई. मी माझी कधी ठेवलीच न्हाई. ठेवायला हवी व्हती का, ते आज पहिल्यांदा मनात आलं.

मॅडमनं चिंध्यांचे फोटो मागितलेत. कुसुमनं पाट्यावर मांडून काढले, प्रत्येकीखाली नाव लिहून. निळीखाली जागा मोकळी. मॅडम म्हणते, साहेब मानेल का सांगता येत नाही. मानलं तर मिटेल, न्हाई मानलं तर वर अपील, वरचा साहेबही बिनतोंडाचाच.

दत्तानं फोटो बघितले. निळीपाशी थांबला. "ही कुठंतरी बघितलीय मी." कुठं, ते त्यालाही आठवेना. बयाणा परत मिळाला त्याला, पाचशे कापून.

बुध., ३ डिसेंबर

शालन, आता तुझ्यासाठी. उद्या ही वही दत्ता पेठला आणून देतोय, रात्री तिकडंच राहील, आपणहून तयार झाला. वाटेत वाचणार न्हाई. वाचलीच तर त्याला ठाऊक न्हाई असं यात आता काही राहिलं न्हाई. तू वाच, आणि विसरायच्या आत दोन कामं कर.

एक. वहीत निळी चिंधी घातलीय. लग्नानंतर भांडून आलीस आणि सहा महिने इथं राहिलीस, लागवडीला जायचीस, तेव्हा तुझ्या अंगावर काय असायचं? दत्ता मघाशी म्हणाला, ताईचं असं एक व्हतं. मला खात्री न्हाई. ट्रंकेत बघ, एक टोक फाडलेलं लुगडं आहे का. असलं तर तेवीस हजार तुझे, आणि तुलाही शुक्रवारी तहसीलला अंगठा... तुला सही येते, सही. नसलं तर गप्प बस, तुझं आहे म्हणू नकोस. तुझ्या तोंडाला पाणी सुटलेलं मला इथून दिसतं.

दोन. शुक्रवारी सकाळी दत्ताबरोबर मासवड्या पाठव, घोडेगावला. तहसीलला दिवस जाणार, आणि तिथला वडापाव मला बाधतो. तीळ-खोबरं हात राखून घालू नकोस. रस्सा वेगळ्या डब्यात, झाकण घट्ट. मागल्या वेळी दत्ताच्या पिशवीत सांडला व्हता, आठवतं का, न्हाई आठवणार. साहेबाला तोंड न्हाई, त्याचं करू नकोस. येणार किती ते मला ठाऊक न्हाई, चांगुणा येईल का ठाऊक न्हाई. तू बावीस जणींच्या हिशेबानं कर. निळीवाली कोण असेल ती आली तर तिला उपाशी ठेवायचं न्हाई.